स्वस्त वेगळे, खोटे वेगळे

या रमजान ईदची ईदी आमच्या मुलाने खर्चलीच नाही. तेरा वर्षांचा आहे, यंदा टेनिस बॉल सोडून लेदर बॉलच्या सरावाला जाऊ लागला. मामू, खाला, चाचा यांनी दिलेल्या नोटा त्याने अम्मीकडे ठेवायला दिल्या. घरखर्चातून थोडी भर घालून आम्ही साडेतीन हजार रुपये केले आणि पुण्यातल्याच एका दुकानात बॅट घ्यायला गेलो.

दुकानदाराने नामांकित कंपनीचे स्टिकर लावलेली पांढरीशुभ्र बॅट पुढे केली. "इंग्लिश विलो आहे, भाईसाहब. दहा हजारांची बॅट. स्टॉक काढायचाय म्हणून देतो." पक्के बिल त्याने दिले नाही, आम्हीही मागितले नाही. खरे सांगायचे तर भाव ऐकून शंका आली होती. ती आम्ही गिळली.

आठवड्यात स्टिकरचा कोपरा सुटला आणि खाली दुसऱ्याच नावाचा छाप दिसला. मैदानावरच्या सरांनी बॅटवरची पातळ शीट सोलली, तर लाकडाच्या सरळ रेघाही शीटबरोबर निघून आल्या. आतले लाकूड पॉपलरचे होते. आम्ही दुकानात परत गेलो. दुकानदार म्हणाला, "या भावात ओरिजिनल कुठं मिळतं का?" बिल नव्हते, आम्ही हात हलवत परतलो.

वाचकहो, यातून "स्वस्त घेऊच नये" असा धडा कुणी काढील, तर तो चुकीचा आहे. इंग्लंडमधल्या विलोचे लाकूड आयात करून मेरठ, जालंधरला त्याच्या बॅटी घडवल्या जातात, म्हणून त्या महाग. काश्मिरी विलो आपल्याच देशातले. जम्मू-श्रीनगर महामार्गावर संगम, बिजबेहारा भागात या बॅटींचे कारखाने आहेत. हे लाकूड थोडे जड, रंगाने तपकिरी. पण शिकणाऱ्या मुलाला ते पुरते. 2021 च्या टी-20 विश्वचषकात ओमानचे खेळाडू काश्मिरी विलोच्या बॅटीने खेळले. पॉपलर मऊ, लेदर बॉलला टिकत नाही. पण गल्लीतल्या टेनिस बॉलला चालते. यातले कोणतेही लाकूड नकली नाही. नकली असते ते त्यावर चिकटवलेले खोटे नाव.

म्हणून घेताना एवढे पाहा. बॅटचा पुढचा भाग पूर्ण झाकलेला असेल, तर कडा आणि खालचे टोक पाहा. रेघा तिथेही उतरलेल्या दिसल्या पाहिजेत. इंग्लिश विलो म्हणून दिलेली बॅट तपकिरी आणि हाताला जड लागली, तर विचारा. स्टिकरवरचे अक्षर कंपनीच्या अक्षराशी ताडून पाहा, आणि तीच बॅट कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे कितीला आहे तेही विचारा. निम्म्याहून कमी भाव सांगितला, तर कारण पटल्याशिवाय पैसे काढू नका. बिलावर कंपनीचे नाव आणि लाकडाचा प्रकार लिहून मागा. प्रामाणिक दुकानदार "काश्मिरी विलो" असे लिहून द्यायला कचरत नाही. दुसऱ्याचे नाव लावून माल विकणे हा ट्रेडमार्क कायदा, 1999 प्रमाणे गुन्हा आहे; त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. हाती बिल असेल तर तक्रारीला जोर येतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तो आत ओलावा लागला. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. भिजलेले धान्य कमी भावाने विकायला हरकत नव्हती. हरकत ते झाकण्याला होती.

हा प्रसंग आम्हाला आठवला तो मुलाच्या एका वाक्यामुळे. दुकानातून परतताना तो म्हणाला, "अब्बू, स्टिकर परत चिकटवू या ना. पोरांना काय कळतंय?" आम्ही गप्प झालो. पैसे गेले त्याचे दुःख होतेच. पण हे तो शिकला कुणाकडून? शंका आली असूनही गप्प राहिलेल्या आमच्याकडूनच. ते आम्ही त्याच्यापाशी कबूल केले.

पुढच्या महिन्यात घरातले दोन खर्च मागे टाकून अठराशे रुपयांची काश्मिरी विलोची बॅट घेतली. तिच्यावर बनवणाऱ्या कारखान्याचेच साधे नाव आहे. बिल अम्मीच्या कपाटात आहे. जवसाचे तेल लावून, जुन्या बॉलने ठोकून बॅट मुरवण्याचे काम मुलाने स्वतः केले.

पॉपलरची बॅट त्याने टाकली नाही. तिचे स्टिकर खरवडून काढले आणि आता ती गल्लीत वापरतो. कुणी विचारले, "कुठल्या कंपनीची रे?" तर सांगतो, "कुठल्याच नाही. पॉपलरची आहे, टेनिस बॉलपुरती."