मोटारीखालचा काळा डाग

गेल्या आश्विनांत आम्ही उल्हासनगर कॅम्प २ मध्यें एका आप्तांच्या घरीं मुक्कामास होतों. दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांच्या मोटारींतून माळशेज घाटानें जुन्नरास जाण्याचा बेत होता. मंडळींत त्यांच्या वृद्ध मातोश्री व दोन लहान मुलें होतीं. सायंकाळीं मोटार बाहेर काढली असतां मागील दोन चाकांच्या मध्यावर, फरशीवर, तळहाताएवढा काळा तेलकट डाग दिसला. आम्हीं विचारलें, तेव्हां आप्त हसून म्हणाले, "हा डाग आतां घरचाच झाला आहे. तीन महिन्यांत दोन वेळां ऑइल सील बदललें, तरी गळती आहे तशीच!"

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मागील आंसाच्या मध्यभागीं जी फुगीर लोखंडी पेटी दिसते, ती डिफरन्शियलची. वळण घेतांना बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. दोहोंस आपापल्या वेगानें फिरूं देऊन इंजिनाचें बळ पोंचविणें हें या पेटीचें कार्य. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीनें १८२७ सालीं वाफेच्या गाडीसाठीं या योजनेचें पेटंट घेतलें. पेटींतील क्राउन व पिनियन हीं दंतचक्रें दाट तेलांत भिजून फिरतात. इंजिनाचें तेल घटल्यास बहुतेक मोटारींत तांबडा दिवा लागतो. येथें तशी सोय सहसा नसते. तेल मुकाट्यानें आटतें, आणि पेटी करुण सूर काढूं लागते तोंवर दांत झिजलेले असतात. तेल आंसाच्या टोंकाकडून गळत असल्यास तें थेट ब्रेकच्या ड्रममध्यें उतरतें. मग घाटाच्या उतारावर एका बाजूचा ब्रेक दगा देतो.

आजच्या बहुतेक लहान मोटारी पुढील चाकांवर चालतात. त्यांना ही मागची पेटी नसते. परंतु जीपच्या धर्तीच्या मोटारी, मालाचे टेम्पो व कित्येक मोठ्या कुटुंबवत्सल गाड्या यांना ती आहे. मुंबईची पद्मिनी टॅक्सी २०२३ सालीं रस्त्यावरून गेली. तिलाही ती होती.

आप्तांच्या शेजारीं एक वयोवृद्ध सिंधी गृहस्थ राहतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींतील बराकींत ज्या निर्वासित कुटुंबांनीं संसार थाटले, त्यांपैकींच त्यांचें एक. त्या छावणीस १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें. परंतु कॅम्पांचे क्रमांक अद्यापि पत्त्यांतून गेलेले नाहींत. या गृहस्थांचा सारा जन्म मोटारींच्या दुरुस्तींत गेला. त्यांना बोलाविलें. त्यांनीं पाना हातीं घेतला नाहीं, आधीं विचारलें, "पावसांत गाडी पाण्यांतून नेली होती का?"

"आषाढांत वालधुनीचें पाणी रस्त्यावर आलें होतें, तेव्हां नेली होती," आप्त म्हणाले. "अर्धें चाक बुडालें होतें."

"आणि गळती?"

"त्यानंतरच सुरू झाली."

म्हाताऱ्यानें मान हलविली. मोटार दोनचार मैल फिरवून आणविली व सपाट जागीं उभी करून पेटीच्या बाजूचें तेल भरण्याचें बूच हळूहळू सैल केलें. आंतून 'फुस्स' असा आवाज झाला. बोटास लागलेलें तेल मधाच्या रंगाचें असावयाचें, तें दूध घातलेल्या चहासारखें निघालें. मग त्यांनीं पेटीच्या माथ्यावरील ब्रीदर, म्हणजे श्वास घेण्याची बारीक नळी, काढून दाखविली. ती वाळल्या चिखलानें घट्ट बुजली होती.

कारण उघड झालें. चालतांना पेटी तापते, आंतील हवा फुगते व ब्रीदरवाटे बाहेर पडते. तापलेली पेटी एकाएकीं पाण्यांत बुडाली कीं हवा आकसते व पाणी, गाळ आंत ओढले जातात. पुढें गाळ वाळून ती वाट बंद झाली. मग फुगलेल्या हवेनें सुटकेसाठीं पिनियनच्या सीलचा ओठ गांठला व तेलही बरोबर नेलें. कारागिरानें सील दोनदां बदललें, परंतु ब्रीदर पाहिला नाहीं आणि तेलही तेंच राहूं दिलें. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार!

दुसऱ्या दिवशींचें प्रस्थान रहित करावें कीं नाहीं, याचा खल सुरू झाला, तेव्हां मातोश्रींनींच निकाल दिला. त्या म्हणाल्या, "घाट कोठें पळून जातो? आधीं गाडी नीट करा."

सकाळीं ब्रीदर रॉकेलनें धुऊन फुंकून मोकळा केला. कोमट असतांना जुनें तेल काढलें. त्यांत लोखंडाचे कण दिसले नाहींत, हें नशीब. मोटारीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें जीएल-५ जातीचें तेल भरलें, थोडी फेरी मारून तेंही पाण्याच्या अंशासह काढलें, आणि पुन्हां नवें भरलें. सील शाबूत होतें, तें राहूं दिलें. मग सारी पेटी पुसून तीवर खडूची पूड भुरभुरली व मातोश्रींसह अंबरनाथास शिवमंदिराच्या दर्शनास जाऊन आलों. तेथें शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. परत आल्यावर पूड कोरडी होती; दुसऱ्या सकाळींही कोरडी. तिसऱ्या दिवशीं आम्ही निर्धास्तपणें घाट चढलों.

आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोग्या चार गोष्टी येथें देतों. गंधकासारखा उग्र वास आल्यास तेल बहुधा या पेटीचें समजावें. ओल पिनियनच्या तोंडाशीं आहे, झांकणाच्या सांध्याशीं, बुचाशीं, कीं चाकाच्या आंतल्या अंगास, हें पुसून व पूड टाकून ठरवावें. ओघळ वाऱ्यानें मागें पसरतो, तो पाहून फसूं नये. तेल काढण्यापूर्वीं भरण्याचें बूच उघडतें कीं नाहीं तें पाहावें. अन्यथा पेटी रिकामी होऊन बसते आणि भरावयास वाट नसते. बहुतेक मोटारींत तेल भरण्याच्या भोंकाच्या खालच्या कडेपर्यंत हवें. अधिक भरल्यासही गळती होते.

हातब्रेक बहुधा मागील चाकांवरच असतो. तीं उचलल्यावर तो निरुपयोगी. म्हणून पुढील चाकांस दोन्ही बाजूंनीं ठोकळे लावावे व केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीही खालीं शिरूं नये. पिनियनचा नट घरीं सोडूं नये. तो कमीअधिक आवळल्यास बेअरिंगें व दांत दोन्हीं जातात. तेलानें भिजलेले ब्रेकचे लायनर पुसून वापरूं नयेत, बदलावे. आणि काढलेलें तेल गटारांत ओतूं नये. तें शेवटीं वालधुनींतच जातें.

कारागिराकडे मोटार नेतांना "येथें गळतें" एवढेंच न सांगतां, केव्हांपासून गळतें आणि त्यापूर्वीं काय घडलें, तेंही सांगावें. आमच्या आप्तांना हा प्रश्न तीन महिन्यांत कोणीं विचारला नाहीं, आणि त्यांनींही आपण होऊन सांगितलें नाहीं. वैद्यापुढें मात्र आपण सारें सांगतों.