भाकरी कोणी थापायची?

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील कोणत्याही किराणा दुकानात आज शिरावे, तर पावाच्या लाद्यांशेजारी ‘मल्टिग्रेन’, ‘ब्राऊन’, ‘हाय फायबर’ अशी बिरुदे मिरविणारी पाकिटे ओळीने मांडलेली दिसतात. आणि ज्या शहराच्या चहूबाजूंना शाळूची काळीभोर राने पसरलेली आहेत, ज्याच्या आडत बाजारात हंगामात मालदांडी ज्वारीच्या पोत्यांची थप्पी लागते, त्या शहरातील सुशिक्षित कुटुंब मधुमेहाच्या धास्तीने दुप्पट दाम मोजून तीच पाकिटे घरी नेते, हे पाहून मनाला विषाद झाल्यावाचून राहत नाही. धास्ती खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोक मधुमेही आहेत. रोज पोटात काय जाते याचा विचार करणे हे त्यामुळे प्रत्येक गृहस्थाचे कर्तव्यच होऊन बसले आहे. परंतु त्या विचाराची दिशा दुकानाच्या फळीकडे वळावी आणि स्वतःच्या तव्याकडे वळू नये, ही गोष्ट मला अनुचित वाटते.

प्रथम एक न्याय्य गोष्ट सांगून टाकली पाहिजे. ज्वारीचा कैवार घेताना गव्हाला शत्रू ठरविण्याची जी चाल अलीकडे पडली आहे, तिला आधार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत तंतुमय अंश १० ग्रॅमच्या थोडा वर आहे, तर कोंड्यासकट दळलेल्या कणकेत तो ११ ग्रॅमच्याही वर आहे. लोहाचे प्रमाणही दोहोंत जवळपास सारखेच, म्हणजे ४ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. खरी तफावत मैद्याशी आहे. गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकल्यावर जो पांढराशुभ्र मैदा उरतो, त्यात तंतुमय अंश पावणेतीन ग्रॅमवर येतो आणि लोह निम्म्याहूनही खाली घसरते. बाजारातला पाव, खारी, बिस्किटे आणि नान ही बहुतांशी या मैद्याचीच रूपे आहेत. पाकिटावर ‘ब्राऊन’ लिहिले म्हणजे आतला जिन्नस कोंड्यासकटच असतो असेही नाही; पुष्कळदा तो रंग जळलेल्या साखरेचा असतो. पीठ फुलविण्यासाठी वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट हे रसायन तर वादाचा विषय होऊन अखेर २०१६ साली सरकारी हुकुमाने बंद करावे लागले. म्हणून ज्या घरात मुलांना पावच हवा असतो, त्या घराने तो खुशाल घरी भाजावा; कणकेत चौथा हिस्सा ज्वारीचे पीठ मिसळले तरी पाव नीट फुगतो. त्याहून अधिक मिसळले, तर मात्र ज्वारीत ग्लूटेन नसल्यामुळे पिठात हवा कोंडून राहत नाही आणि पाव बसतो.

मग ज्वारीच्या भाकरीची विशेष थोरवी ती कोणती? माझ्या मते ती तिच्या उण्यातच आहे. ज्या चिवटपणामुळे गव्हाचे पीठ महिनोन्‌महिने साठवता येते, लाटता येते, यंत्राच्या हवाली करता येते, तो चिवटपणा ज्वारीत नाही. तिचे पीठ दळून आणल्यावर आठ-दहा दिवसांतच त्याची विरी जाऊ लागते. उन्हाळ्यात तर त्याहूनही लवकर. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरा पडतात, परातीतून उचलताना ती मोडते आणि चवीलाही कडवट लागते. म्हणजे ज्याला भाकरी हवी त्याला ताजे दळण आणल्यावाचून गत्यंतरच नाही, आणि ताजे दळण म्हटले की त्यात दाण्याचा कोंडा आणि अंकुर अभंग आलेच. त्यात तेल घालावे लागत नाही, साखर लागत नाही, खमीर लागत नाही, आणि मीठही न घालण्याचीच आमच्याकडे वहिवाट आहे. पीठ आणि पाणी एवढ्या दोन जिनसांवर जे अन्न सिद्ध होते, त्यात भेसळीला आणि रसायनाला जागाच उरत नाही. यंत्राला ज्वारी दाद देत नाही, म्हणूनच ती खाणाऱ्याशी प्रामाणिक राहते.

या दाण्याची कुळकथाही आपल्या जिल्ह्याची आहे. कोरडवाहू शेतीचे संशोधन सोलापुरात १९३३ सालापासून चालत आलेले आहे. त्याच दशकात मोहोळ येथील केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून जे वाण सिद्ध करण्यात आले, ते ‘एम ३५-१’ या नावाने आजही रब्बीच्या रानांत पेरले जाते. पुढे नवी वाणे पुष्कळ आली. पण भाकरीच्या गोडीत आणि कडब्याच्या प्रतीत मालदांडीला मागे टाकणे सोपे नाही, हे आमच्याकडचा शेतकरीही सांगतो आणि त्याचे जनावरही सांगते. रब्बी ज्वारीच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आज सोलापुरातच आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. आणि ज्या मंगळवेढ्यात, परंपरा सांगते त्याप्रमाणे, बिदरच्या बादशाही अमलात दामाजीपंतांनी दुष्काळपीडित रयतेसाठी सरकारी कोठारे खुली केली, त्या मुलखाच्या धान्याला तो मान शोभणारा आहे.

परंतु मान मिळाला म्हणून भाकरी आपोआप ताटात येत नाही. तिची कृती ऐकायला सोपी आणि हाताला अवघड आहे. परातीत पीठ घेऊन मध्ये आळे करावे आणि त्यात कढत पाणी ओतून उलथन्याने कालवावे; या कढत पाण्याने पिठातील स्टार्च फुलून चिकट होतो आणि ग्लूटेनच्या अभावी जो बंध पिठाला मिळत नाही, तो अशा रीतीने मिळतो. थोडा वेळ झाकून ठेवून मग थोडे थोडे गार पाणी घेत तळहाताच्या टाचेने पीठ रगडावे, पुढे ढकलावे, पुन्हा ओढून घ्यावे. येथे जो आळस करील त्याची भाकरी कडेला फाटल्यावाचून राहणार नाही. चांगल्या मळलेल्या गोळ्याची कड दाबली असता तिला भेग पडत नाही, एवढी खूण पुरे. कोरडे पीठ खाली भुरभुरून, बोटे जुळवून, गोळा फिरवीत फिरवीत थापावा. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर यावी आणि तिच्यावर लगेच ओला हात फिरवावा. हे पाणी सुकण्याच्या बेतात असतानाच भाकरी उलटावी, कारण ते पुरते वाळले तर वरचा थर तडकतो आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की पहिली बाजू थेट जाळावर किंवा आरावर धरावी. पीठ ताजे आणि मळणे मनापासूनचे असेल, तर भाकरी टम्म फुगते आणि पापुद्रा सुटा होतो. नवशिक्याने प्रथम वितीएवढी लहान भाकरी थापावी. मोठ्या भाकरीचा हव्यास धरल्यामुळेच पुष्कळांचा उत्साह पहिल्या आठवड्यात मावळतो.

आरोग्याचा विचार करताना आणखी एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे, आणि तिच्यासाठी थोडे दूर, मेक्सिकोपर्यंत जावे लागते. तेथील स्त्रिया मक्याच्या ज्या पातळ भाकऱ्या करतात, ज्यांना ‘तोर्तिया’ म्हणतात, त्यांसाठी मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवण्याची पद्धत हजारो वर्षांची आहे. या चुन्यामुळे मक्यात बद्ध असलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते. युरोपने मका नेला आणि चुन्याची ही तजवीज तेथेच सोडली. त्याचे फळ म्हणजे कातडी सोलवटून टाकणारा पेलाग्रा रोग, ज्याचे वर्णन गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने १७३५ साली केले. हा रोग आपल्या दख्खनमध्ये केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या दरिद्री मजुरांतही आढळत असे. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसीन या घटकाच्या आधिक्याशी जोडला. त्या मीमांसेबद्दल पुढे मतभेद झाले. पण नुसत्या भाकरीवर माणूस निरोगी राहत नाही, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. आणि येथेच सोलापुरी ताटाची योजना किती शहाणपणाची आहे हे कळते. ज्वारीत लायसिन कमी, ते तुरीच्या आमटीत आणि हुलग्याच्या माडग्यात भरपूर. आणि उखळात कांडलेल्या शेंगाच्या चटणीत नायसिन मुबलक. ज्यांच्या ताटात भाकरीबरोबर कोरड्यास, चटणी आणि पालेभाजी आहे, त्यांनी पेलाग्राची चिंता करण्याचे कारण नाही. मात्र ज्वारीतही दोन-तृतीयांश भाग पिष्टमय पदार्थांचाच असतो, तेव्हा भाकरी आहे म्हणून मधुमेह्याने कितीही खावी, ही समजूत घातक आहे. एकीच्या जागी दीड आणि दीडाच्या जागी तीन झाल्या, तर धान्य बदलल्याचा लाभ हाती लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सोलापूरच्या घरांतून भाकरी मागे पडत असेल, तर त्याचे कारण ज्वारीची टंचाई हे नव्हे आणि अरुची हेही नव्हे. एके काळी ज्वारी गरिबाची म्हणून हिणवली गेली. १९७२ च्या दुष्काळात शिधापत्रिकेवर आलेल्या तांबड्या परदेशी मिलोने त्या हिणकसपणात भर घातली. पण आज परिस्थिती पालटली आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३४२१ रुपये होता आणि गव्हाचा २२७५. गरिबाची भाकरी पोळीहून महाग झाली, आणि अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्यात भरडधान्याची तरतूद असतानाही शिधावाटपात वर्षानुवर्षे गहू-तांदळाचाच शिरस्ता चालत आला, ही शासनाने लक्ष घालण्याजोगी बाब आहे. तरीही, ज्यांना ज्वारी परवडते त्यांच्या घरीही भाकरी होत नाही, हे कसे? याचे उत्तर असे की ती थापणारा हात घरात एकच होता, आणि तो हात आता थकला आहे किंवा नोकरीवर गेला आहे.

या शहरात कापडगिरण्यांचे भोंगे वाजत असत त्या काळी, पाळीवर जाणाऱ्या पुरुषाच्या फडक्यात भाकरी बांधून देण्यासाठी बाई पहाटेच्या अंधारात चुलीपुढे बसत असे. गिरण्या बंद पडल्या. बाईचे उठणे बंद झाले नाही. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या हजारो स्त्रिया संध्याकाळी त्याच दुखऱ्या पाठीने परातीपुढे बसतात. तेव्हा ‘आजीच्या हातची भाकरी’ म्हणून उमाळे काढणाऱ्या पुरुषाने त्या हाताला किती वर्षे धुराचा आणि चटक्याचा कर भरावा लागला याचा हिशेब कधी मांडला आहे काय? सून भाकरी थापत नाही, अशी तक्रार आमच्या पेठेत मी पुष्कळांच्या तोंडून ऐकतो. मुलगा थापत नाही, अशी तक्रार मात्र कोणाच्या तोंडून निघत नाही. घरचे अन्न निरोगी व्हावे ही इच्छा साऱ्या घराची आणि तिचे श्रम एकटीचे, ही वाटणी जोवर चालू आहे तोवर भाकरीचे गोडवे गाण्याचा आपल्याला अधिकार पोहोचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुरुषाच्या हाताला भाकरी जमत नाही, ही सबब टिकणारी नाही. गावजेवणात, यात्रेत आणि भंडाऱ्यात शेकडो माणसांचे अन्न पुरुषच शिजवतात. वसतिगृहातली मुले गरज पडली की सारे शिकतात. महापालिकेच्या शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला पाचवीपासूनच्या मुलामुलींना एकत्र बसवून पीठ मळायला आणि भाकरी थापायला शिकवावे. त्यासाठी परात, तवा, शेगडी आणि गिरणीतून त्याच सकाळी आणलेले पीठ यांपलीकडे सामग्री लागत नाही. त्या वर्गाला शिकविण्यासाठी वस्तीतल्या ज्या स्त्रियांना हे काम अव्वल येते, त्यांना मानधन देऊन बोलवावे, म्हणजे त्यांच्या कौशल्याची नोंद सरकारी दप्तरी एकदा तरी होईल.

आणि ज्या घरी कोणालाच वेळ नाही, त्यांच्यासाठी सोलापूरने फार पूर्वीच उपाय काढून ठेवला आहे: कडक भाकरी. कागदासारखी पातळ थापून, मंद आचेवर ओल पुरती निघेपर्यंत भाजलेली ही भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, तिला टिकविण्यासाठी कोणतेही औषध लागत नाही, आणि दह्यात किंवा आमटीत कुस्करली की तिचे पूर्ण जेवण होते. शहरात आणि आसपासच्या गावांत स्त्रियांचे बचतगट ती करून विकतात. ती पुण्या-मुंबईला जाते, परगावी शिकणाऱ्या मुलांच्या पेटीत जाते. परंतु याच भाकरीसाठी दोन-पाच रुपयांची घासाघीस करणारे गिऱ्हाईक मी पाहतो, जे पाकिटावर छापलेली किंमत निमूटपणे देते. भाकरीच्या किमतीत ज्वारीचा भाव असतो, दळणाचे पैसे असतात, जळण असते, आणि एकेका भाकरीपाशी तव्यासमोर घालविलेला वेळ असतो. तो वेळ आजवर आपण घरात फुकट घेतला. बाजारात तरी त्याचे दाम मागितले जातील तेवढे द्यावेत.