रंगाखालची चीर

मागच्या आठवड्यात भोसरीतल्या एका यार्डात आम्ही तिघं जुनी सिझर लिफ्ट, म्हणजे उंचीवरच्या कामासाठी माणसांना वर नेणारं मशीन, बघायला गेलो होतो. मी, आमचे मिस्त्री आणि फिटरचं काम करणारा तरुण मुलगा. लिफ्ट 19 फुटी, बॅटरीवर चालणारी, परदेशात वापरून झालेली. केशरी रंग इतका ताजा की अजून वास येत होता. यार्डवाल्यानं बटण दाबलं, लिफ्ट वर गेली, खाली आली. "साहेब, एकदम कंडिशनमध्ये आहे. टेम्पो बोलावू का?"

मिस्त्री म्हणाले, "जरा थांबा. रिकामीच वर घ्या आणि टेकू लावा." तपासणी-दुरुस्तीच्या वेळी कात्रीची पाती खाली येऊ नयेत म्हणून मशीनलाच लोखंडी टेकू असतो. तो लावल्याशिवाय पात्यांमध्ये हात घालायचा नाही. टेकू लागल्यावर त्यांनी टॉर्च काढला आणि एकेक पिन, एकेक बुश बघत गेले. खालून दुसऱ्या पात्याशी त्यांचं बोट थांबलं. "इथं हात फिरवा." डावीकडचं पातं गुळगुळीत होतं. उजवीकडच्या पात्यावर त्याच जागी रंगाखाली वेल्डिंगचा उंचवटा हाताला लागला. पात्याला चीर गेली होती, कुणीतरी ती भरून वरून रंग मारला होता.

मी फिटरला विचारलं, "तू चढशील का हिच्यावर?" तो आधी गप्प राहिला, मग नाही म्हणाला. सौदा तिथंच संपला.

माझा धंदा कारखान्यांच्या शेडमध्ये वायरिंग करण्याचा. केबल ट्रे, हायबे दिवे, सगळं काम डोक्याच्या वर. पूर्वी आम्ही ते घोडा लावून नाहीतर परांची बांधून करायचो. चाकणच्या एका कामावर घोडा सरकला आणि माझ्याकडचा एक मुलगा टाचेवर पडला. घोडा माझाच होता, त्याच्या एका पायाचं रबर झिजून गेलं होतं. चढण्याआधी तो म्हणाला होता, "हा हलतोय." मी म्हणालो होतो, "पाच मिनिटांचं तर काम आहे." आज तो चालतो, पण जिना उतरताना कठडा सोडत नाही. तेव्हापासून उंचीवरच्या कामाला काय वापरायचं हे वर चढणाऱ्याला विचारल्याशिवाय मी ठरवत नाही.

जुनी लिफ्ट घ्यायची तर रंग सोडून बाकी सगळं बघा. सिरीयल नंबरची पट्टी जागेवर हवी, कंपनीचं मॅन्युअल मिळायला हवं. 19 फुटी लिफ्टची वजन पेलायची मर्यादा साधारण 227 किलो असते. म्हणजे दोन माणसं आणि त्यांची हत्यारं. यार्डातच तेवढ्या वजनाची वाळूची पोती ठेवून लिफ्ट पूर्ण वर न्या आणि पाव तास तशीच ठेवा. टेप लावून उंची आधी मोजा, नंतर मोजा. आपोआप खाली बसत असेल तर हायड्रोलिकमध्ये कुठंतरी गळती आहे. मशीन वर जाऊ लागलं की चाकांच्या मधल्या लोखंडी पट्ट्या जमिनीकडं उतरायला हव्यात. चाक खड्ड्यात गेलं तर मशीन त्याच सावरतात. मशीन मर्यादेपेक्षा जास्त कललेलं असेल तर अलार्म वाजून त्यानं वर जायचं थांबायला हवं. आणि वीज गेली, बॅटरी संपली तर खाली उभ्या असलेल्या माणसाला हातानं लिफ्ट उतरवता यायला हवी. ती सोय शेवटी बघायची नाही, सगळ्यात आधी बघायची.

बॅटरीच्या बाबतीत मोठी चूक होते. अशा लिफ्टमध्ये बहुधा सहा व्होल्टच्या चार जड बॅटऱ्या असतात. त्यांचं वजन मशीनचा तोल राखायला धरलेलं असतं. स्वस्तात मिळाल्या म्हणून हलक्या बॅटऱ्या बसवल्या, तर तो हिशोबच बिघडतो. शेडमधली जमीनही तपासा. एवढं लहान दिसणारं मशीन टनाहून जास्त भरतं आणि ते सगळं वजन चार छोट्या चाकांवर येतं. केबल ट्रेंचच्या झाकणावरून ते नेऊ नका.

भाड्यानं घ्यायची तर हिशोब वेगळा. महिन्याचं भाडं बहुतेक ठिकाणी 26 दिवसांचं आणि ठरलेल्या तासांचं असतं. नेण्या-आणण्याचा टेम्पो, ऑपरेटर आणि 18 टक्के जीएसटी त्यावर वेगळा. मशीन बंद पडलं तर ते दिवस कुणाच्या खात्यात, दुरुस्तीला माणूस किती तासांत येणार, हे कागदावर लिहून घ्या. वर्षातले बहुतेक महिने मशीन कामावर राहणार असेल तर विकत घेणं परवडतं. माझ्यासारख्याला वर्षातून दोन-तीन मोठी कामं मिळतात. मधल्या काळात बॅटऱ्या कोपऱ्यात पडून खराब होतात. आम्ही महिनाभरासाठी भाड्याची घेतली.

सोमवारी सकाळी ती साइटवर उतरली. मिस्त्रींनी टॉर्च काढला, पुन्हा पहिल्यापासून सगळं बघितलं. जमिनीवर उभा राहणाऱ्या हेल्परला हातानं लिफ्ट उतरवण्याची खिट्टी दाखवली, त्याच्याकडून दोनदा ओढून घेतली. मग मी फिटरला तोच प्रश्न विचारला. त्यानं कठड्याचं दार बंद केलं, एकदा हलवून बघितलं आणि म्हणाला, "हो, जातो." मग आम्ही कामाला सुरुवात केली.

चाकणला मी त्या मुलाला हे विचारलं नव्हतं. धंद्यात भाव करणारे आपण असतो, चेक लिहिणारे आपण असतो, पण पाच-सहा मीटर उंचीवर तो कठडा धरून दुसराच कुणीतरी उभा असतो. सौद्यातला शेवटचा शब्द त्याचा असू द्या.