रॅमची पट्टी : स्टिकरवर जाऊ नका

विहारातल्या अभ्यासिकेसाठी किंवा घरी मुलाबाळांसाठी आपल्यातले अनेक जण जुना संगणक घेतात. दुकानदार म्हणतो, "आठ जीबी रॅम आहे." घामाचा पैसा हातावर ठेवण्याआधी पट्ट्या काढून दाखवायला सांगावे. त्यात संकोच कसला?

स्टिकरवर ‘४ जीबी २आरएक्स८ पीसी३-१०६००’ असे काहीतरी असते. क्षमता त्यातली फक्त ४ जीबी. १०६०० हा वेगाचा आकडा, मोठा दिसतो म्हणून भुलू नये. शिवाय स्टिकर सुटतो, कुणी बदलूही शकतो. म्हणून पट्टीवरच्या काळ्या चिपा मोजाव्यात, दोन्ही बाजूंच्या, आणि चिपवरचा बारीक नंबर वाचावा. सॅमसंगच्या डीडीआर-३ चिपवर ‘के४बी२जी०८४६’ असेल, तर मधला ‘२जी’ म्हणजे २ गिगाबिट. जीबी म्हणजे मात्र गिगाबाइट, आणि ८ बिटांचा १ बाइट. अशा १६ चिपा असल्या तर १६ गुणिले २ म्हणजे ३२, भागिले ८, झाले ४ जीबी. पाचवीतली मुलगीही करील! तिथे ‘१जी’ असेल, तर तेवढ्याच चिपांत २ जीबीच भरतात.

चिपा ९ किंवा १८ निघाल्या, तर दर आठांमागची नववी चुका तपासणारी असते. ती हिशेबात धरू नये. अशी पट्टी बहुधा सर्व्हरची, घरच्या संगणकात चालेलच असे नाही.

पावतीवर नुसते ‘रॅमसह’ नको. ‘४ जीबीच्या २ पट्ट्या’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.