खिडकीतली बाग : रोपाबरोबर गेलेली कीड

गेल्या दिवाळी अंकात याच सदरात मी मोठ्या उत्साहानं लिहिलं होतं, ‘कढीपत्त्याची रोपं तयार आहेत, मंडळाच्या फराळाला याल तेव्हा घेऊन जा.’ अकरा जणांनी अकरा रोपं नेली. जानेवारीत एकीचा फोन आला, “ताई, तुमच्या रोपाच्या बेचक्यात कापूस अडकल्यासारखं दिसतंय. पुसलं तरी परत येतं. आता ते आमच्या तुळशीवरही गेलंय.”

मी टॉर्च घेऊन माझ्या मूळ झाडापाशी गेले. तिथंही कापूस. शेजारच्या ऑर्किडची पानं उलटली, तर खाली तोच. ते ऑर्किड नवरात्रात भेट आलेलं. फुलं इतकी देखणी, की पानामागे बघायचं सुचलंच नाही. आणलं त्याच दिवशी कढीपत्त्याला खेटून ठेवून दिलं.

हा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, इथल्या भाषेत मिलीबग. आपल्याकडचे द्राक्ष आणि डाळिंबाचे बागायतदार याला चांगले ओळखतात. तो रस शोषतो, चिकट गोडसर पाणी सोडतो आणि कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालतो. बाहेर पाऊस, गारठा आणि त्याला खाणारे मित्रकीटक असतात. आपल्या हिटर लावलेल्या घरात यातलं काहीच नाही, म्हणून हिवाळ्यात तो सुखानं नांदतो.

उपाय सोपा आहे, पण चिकाटीचा. प्रथम झाड वेगळ्या खोलीत न्यायचं. कान साफ करायची कापूसकाडी ७० टक्क्यांच्या रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक ढेकणाला टेकवायची. आधी एका पानावर करून एक दिवस थांबावं, आणि लगेच उन्हात ठेवू नये. ऑर्किडच्या मधल्या पोंग्यात पाणी किंवा औषध साचू देऊ नका, तो कुजला की बहुतेक वेळा झाड गेलंच. ऑर्किडच्या कुंडीतही बघा. ढेकूण सालीच्या तुकड्यांत, मुळांवर लपतात. तसं असेल तर जुनी साल फेकून, मुळं धुऊन, नवी साल भरायची.

आम्ही बहुतेक जण चुकतो ते यानंतर. झाड स्वच्छ दिसतं, आपण हुश्श करतो. पण अंडी शिल्लक असतात, ती आठ-दहा दिवसांत फुटतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून दर आठवड्याला, निदान पाच-सहा वेळा, काही दिसो न दिसो, पानं उलटून बघायचीच. मी शनिवार ठरवून घेतला आहे.

हाच नियम खवले किडीला. कढीपत्त्याच्या खोडावर तपकिरी फोड दिसतात, नखानं खरवडले की निघतात. कवचामुळे मोठ्यांवर फवारणी चालत नाही. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासायचं, आणि नवी पिल्लं फिरायला लागतील तेव्हा पुन्हा. पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि जाळी दिसली, तर मात्र तो लाल कोळी. पांढऱ्या कागदावर पान झटका, चालणारे ठिपके दिसतील. त्याला कोरडी हवा आवडते. झाड शॉवरखाली धरून पानांची मागची बाजू धुणं हा पहिला उपाय. तो कीटक नाही, आठ पायांचा कोळी आहे. म्हणून कीटकांची पुष्कळशी औषधं त्याच्यावर चालत नाहीत.

दोन गोष्टी कळकळीनं सांगते. भांडी घासायचा साबण फवारू नका, त्यानं पानं भाजतात. झाडांसाठीचा तयार साबण किंवा कडुनिंबाचं तेल आणा आणि ते खाण्याच्या झाडांवर चालतं का, हे लेबलवर वाचा. आणि मातीत घालायचे, झाडाच्या रसात भिनणारे कीटकनाशकाचे दाणे ऑर्किडला कुणी घालत असतील, पण तुळस आणि कढीपत्त्याला कधीही नाही. ती पानं आपण तीर्थात आणि फोडणीत घालतो.

भारतातून बॅगेत कढीपत्त्याची फांदी आणू नका, हेही पुन्हा सांगते. तिच्यावर सिट्रस सायला ही कीड येते. नागपूरच्या संत्रावाल्यांना ती माहीत आहे. इथं फ्लोरिडात २००५ मध्ये तिनं पसरवलेला ग्रीनिंग रोग सापडला आणि संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. म्हणूनच इथं या झाडावर निर्बंध आहेत. बाधित राज्यांतून रोप दुसरीकडे नेणंही नियमात बसत नाही.

आता त्या अकरा रोपांचं. फोन आल्यावर मी उरलेल्या दहा घरांना फोन केले. कीड मारण्यापेक्षा ते काम अवघड होतं. आणखी तिघांकडे ढेकूण निघाले. त्या पहिल्या घरातली पाच वर्षं जपलेली तुळस शेवटी टाकून द्यावी लागली. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, म्हणून जास्तच लागलं.

या वर्षीही रोपं वाटणार आहे, पण सहा आठवडे वेगळ्या खिडकीत ठेवून, दर शनिवारी तपासून. तुम्हीही नवं झाड घरात घेताना, आणि आता थंडीमुळे अंगणातलं आत आणताना, तेवढंच थांबा. त्या तिकडच्या खिडकीत एक तुळसही वाढते आहे. पाच शनिवार झाले, अजून स्वच्छ आहे. सहावाही तसाच गेला, तर तुळशीच्या लग्नाआधी मी ती स्वतः पोचवून येणार आहे.