विश्लेषण : यकृतात रक्ताची गुठळी की कर्करोगाची गाठ?

सोनोग्राफीच्या अहवालात ‘यकृतात गाठ’ एवढे दोन शब्द दिसले, की घरात कर्करोगाचीच चर्चा सुरू होते. पोटात पाणी, यकृताला सूज, उजव्या बरगडीखाली दुखणे ही लक्षणे त्या भीतीला दुजोराच देतात. मात्र यकृताच्या शिरांत रक्ताची गुठळी अडकल्यावरही नेमके हेच घडते.

हा आजार काय आहे?

यकृतातील रक्त तीन मुख्य शिरांवाटे महाशिरेत आणि तेथून हृदयाकडे जाते. ही वाट तुंबली, की रक्त यकृतातच साचते. याला ‘बड-कियारी सिंड्रोम’ म्हणतात. जॉर्ज बड यांनी १८४५ मध्ये, तर हान्स कियारी यांनी १८९९ मध्ये त्याचे वर्णन केले. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवणारे विकार, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या ही त्यामागची काही कारणे.

गफलत कुठे होते?

रक्तप्रवाह बिघडला, की यकृताचा काही भाग भरपाई म्हणून वाढतो आणि त्यात गाठी तयार होतात. त्या कर्करोगाच्या नसतात; पण सीटी स्कॅनमध्ये तशाच उजळून दिसू शकतात. सिरॉसिसच्या रुग्णांत केवळ स्कॅनवरून कर्करोग ठरवण्याचे निकष आहेत. ते या आजारात जसेच्या तसे लावता येत नाहीत.

फरक कसा ओळखतात?

डॉपलर सोनोग्राफीत शिरांतील प्रवाह कळतो. साध्या गुठळीला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे डाय देऊन काढलेल्या स्कॅनमध्ये ती उजळत नाही. कर्करोग शिरेत शिरला असेल, तर तो भाग उजळतो आणि शीर अनेकदा फुगते. रक्तातील ‘एएफपी’ वाढत गेल्यास संशय बळावतो. पण ते सामान्य असले म्हणून कर्करोग नाहीच, असे म्हणता येत नाही. शंका उरल्यास बायोप्सी करावी लागते.

निदान महत्त्वाचे का?

कारण उपचारच वेगळे आहेत. गुठळीसाठी रक्त पातळ करणारी औषधे, फुग्याने शीर उघडणे, स्टेंट आणि गरज पडल्यास यकृत प्रत्यारोपण केले जाते. चुकून कर्करोग ठरवला, तर रुग्ण हे उपचार गमावतो. उलट, हा आजार दीर्घकाळ राहिल्यास पुढे कर्करोगही होऊ शकतो. म्हणूनच अशा रुग्णांची साधारण दर सहा महिन्यांनी तपासणी केली जाते. पहिल्या अहवालाने खचून जाऊ नये, तसेच गुठळीच निघाली म्हणून निर्धास्तही राहू नये.