गोटीची घसरगुंडी

मुलांसाठी खेळणे घ्यावयास आपण दुकानात जातो, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर एकच मूल असते; ज्याच्यासाठी खेळणे घ्यावयाचे ते. गेल्या दिवाळीत पाच वर्षांच्या नातवासाठी आम्ही असेच एक खेळणे आणले. लाकडी खांबांवर उतरत्या पन्हळी बसवावयाच्या, वरून गोटी सोडावयाची, आणि एका पन्हळीतून दुसरीत पडत, वळणे घेत ती खाली कशी येते ते पाहावयाचे. दुकानदार याला ‘मार्बल रन’ म्हणतात. आमच्या नातवाने त्याचे नाव ‘गोटीची घसरगुंडी’ ठेवले आणि घरात तेच रूढ झाले.

खेळण्याबरोबर बारा गोट्या होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आवरताना डब्यात अकराच भरल्या. पलंगाखाली, कपाटाखाली, सतरंजीखाली शोध झाला. बारावी गोटी अखेर सापडली ती नुकत्याच रांगू लागलेल्या नातीच्या मुठीत, आणि ती मूठ तोंडाकडे चालली होती! सुदैवाने काही विपरीत घडले नाही. पण त्या क्षणी आम्हांला कळून चुकले की, आम्ही खेळणे निवडले ते थोरल्याचे वय पाहून. निवडावयास हवे होते ते धाकटीचे वय पाहून. आज आपल्याला सांगावयाचे आहे ते मुख्यतः हेच.

वय आणि गोटी

नेहमीची काचेची गोटी सुमारे १६ मिलिमीटर व्यासाची असते. ती गोल, गुळगुळीत आणि कठीण असल्यामुळे लहान मुलाच्या घशात बाटलीच्या बुचासारखी घट्ट बसू शकते. मग हवेला वाटच उरत नाही. मुलाला खोकता येत नाही, रडताही येत नाही. म्हणून शेजारच्या खोलीत असलेल्या आईला काही ऐकूही येत नाही.

याच कारणास्तव आंतरराष्ट्रीय मानकांनी तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील चेंडूंसाठी एक माप ठरविले आहे. ४४.५ मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून जो चेंडू आरपार जातो, तो या वयाच्या मुलांसाठी लहान समजावा. ही परीक्षा आपल्याला घरीही घेता येईल. जाड पुठ्ठ्याला साडेचार सेंटिमीटर व्यासाचे गोल भोक पाडा. त्यातून जाणारा प्रत्येक चेंडू, गोटी वा मणी धाकट्याच्या हाती लागू देऊ नका. टेबलटेनिसचा चेंडू आपल्याला मोठा वाटतो. पण तो ४० मिलिमीटरचा असल्याने सहज आरपार जाईल. लॉन टेनिसचा चेंडू मात्र अडेल.

तेव्हा तीन वर्षांखालील मुलांना गोटीची घसरगुंडी घेऊच नये. त्यांच्यासाठी मोठ्या चेंडूंची किंवा लाकडी गाड्यांची उतरण मिळते. तीही घ्यावयाची नसेल, तर स्वयंपाकघरातील पोळपाट पुस्तकांवर तिरपा टेकवून त्यावरून चेंडू सोडा. दीड वर्षाचे मूल हा खेळ पुनःपुन्हा मागेल. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना पन्हळी जोडून दिलेली साधी लाकडी घसरगुंडी पुरते; मात्र मोठे माणूस जवळ हवे. पाच वर्षांनंतर मुलाने स्वतः जुळवावयाचे संच घ्यावेत. लोहचुंबक, बारीक खिळ्या आणि लहान भाग असलेले संच त्याहून मोठ्या मुलांचे होत. आणि घरात रांगणारे मूल असेल, तर थोरल्याचे वय कितीही असो, पुढे सांगितलेला गोट्यांच्या मोजदादीचा नियम पाळल्याशिवाय हे खेळणे उघडूच नये.

दुकानात काय पाहावे

प्रथम आय.एस.आय. चिन्ह पाहावे. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर हे चिन्ह सक्तीचे झाले आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना यातून सूट आहे. म्हणून कर्नाटकातील चन्नपट्टण किंवा आंध्रातील एटिकोप्पाका येथील लाखकाम केलेली लाकडी खेळणी कारागिराकडून घेतली, तर त्यांवर हे चिन्ह नसेलही. अशा वेळी लाकडाला कुसळ नाही ना, रंग ओल्या फडक्याला लागत नाही ना, एवढे आपणच पाहून घ्यावे. वेष्टनावर गोल चिन्हात ०-३ हे आकडे आणि लहान मुलाचा चेहरा तिरप्या रेघेने खोडलेला दिसला, तर ती सूचना गंभीरपणे घ्यावी. दुकानदार म्हणतो म्हणून ती डावलू नये.

नंतर खेळण्याची बैठक पाहावी. उंच मनोरा दुकानात मोठा दिमाखदार दिसतो; पण ज्याचा पाया अरुंद, तो मुलाच्या कोपराच्या धक्क्याने कोसळतो आणि दोन-चार वेळा असे झाले की मूल त्याचा नाद सोडते. ठेंगणी, रुंद पायाची घसरगुंडी बरी. सांधे मुलाने स्वतः लावता-काढता येतील इतपत सैल आणि गोटी पडताच निखळणार नाहीत इतपत घट्ट असावेत. तसेच बाजारातली साधी गोटी या पन्हळींतून जाते की नाही हे विचारावे. काही संचांत केवळ त्यांचीच खास मापाची गोटी चालते. ती हरवली की सारे खेळणे माळ्यावर जाते.

विजेवर चालणारे आणि गोट्या आपोआप वर नेणारे संचही मिळतात. त्यांत गोटी पळते, पण मूल मात्र बसून पाहते. शिवाय त्यांत नाण्याएवढी चपटी बॅटरी असेल, तर ती निराळीच आपत्ती. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत गंभीर इजा करू शकते. दोन लोहचुंबक गिळले गेले, तर आतड्याच्या दोन पदरांना चिमटीत धरून ते भोक पाडू शकतात. यांपैकी काही गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे.

या खेळात आहे काय?

इतकी काळजी घेऊन हे खेळणे घ्यावेच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मुलाच्या शेजारी अर्धा तास बसल्यास मिळेल. गोटी वळणावरून बाहेर उडते. मूल पन्हळ थोडी सपाट करते, तर गोटी मध्येच थांबते. पुन्हा थोडा उतार देते. कोणी न शिकविता ते कारण शोधते, बदल करते आणि परिणाम पाहते. गॅलिलिओने लांब लाकडी तुळईत खाच पाडून तिच्यावरून काशाची गोळी सोडली आणि भांड्यातून गळणाऱ्या पाण्याच्या वजनावरून वेळ मोजला, तेव्हा तोही हेच करीत होता. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने दाखविले की, समान वेळांत गोळीने काटलेली अंतरे १, ३, ५, ७ अशी वाढत जातात. आपल्या मुलाला हे आकडे आज नकोत. पण ‘खाली येता येता गोटी जोरात पळते’ हे त्याचे त्यालाच समजू द्यावे. म्हणून वडीलधाऱ्यांनी पन्हळी स्वतः जुळवून देण्याचा मोह आवरावा. गोटी पडली, तर पडू द्यावी.

घरच्या घरी

हे खेळणे विकतच घ्यावे लागते असेही नाही. उभा चिरलेला बांबू, कागदाच्या गुंडाळीतील पुठ्ठ्याच्या नळ्या, नळजोडणीतून उरलेला पाइपाचा तुकडा, एवढ्यावर भिंतीशी उत्तम घसरगुंडी उभी राहते. कापलेल्या कडा मात्र घासून घ्याव्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या बालवाडीत शंख, शिंपले, खडे, बिया अशा परिसरातील वस्तूंनीच मुलांना शिकविले. पूर्वी पुण्याच्या आयुकात असलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची शेकडो खेळणी करून दाखविली. खेळण्याचे मोल त्याच्या किमतीवर ठरत नाही, हे या मंडळींनी आपल्याला केव्हाच शिकविले आहे.

घरचा नियम

आमच्या घरी आता एक नियम झाला आहे. गोट्या झाकणाच्या डब्यात, डबा वरच्या फळीवर. धाकटी झोपल्यावरच तो खाली येतो. नातू गोट्या मोजून घेतो आणि मोजून परत देतो. बारा भरल्याशिवाय कोणी जेवावयास बसत नाही. नातवाला आता ही मोजणी खेळाचाच भाग वाटते आणि बहिणीची राखण आपल्याकडे आहे, याचा त्याला अभिमानही वाटतो.

तरीही प्रसंग ओढवलाच, तर काय करावे हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावे. मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. वस्तू आणखी खोल जाते. खोकला किंवा आवाज निघत नसेल, तर दुसऱ्या माणसाने ताबडतोब ११२ किंवा १०८ क्रमांकावर मदत मागवावी. एक वर्षाखालील मुलाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच ठोके द्यावेत आणि मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबावे. एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच ठोके द्यावेत. नंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या किंचित वर पोट पाच वेळा आत व वर दाबावे. वस्तू बाहेर पडेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत हे आळीपाळीने करीत राहावे. मूल बेशुद्ध झाल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास आणि छातीवर दाब देणे सुरू करावे लागते. या साऱ्याचे प्रात्यक्षिक आपल्या डॉक्टरांकडून एकदा अवश्य पाहून घ्यावे. वाचून जे लक्षात राहत नाही, ते हाताने केल्यावर राहते.

आपण खेळणे आणावयास निघाल, तेव्हा निघण्यापूर्वी एकदा घरात नजर टाका. सर्वांत लहान कोण आहे? शेजारचे, पाहुण्यांचे कोणते तान्हे मूल आपल्या जमिनीवर रांगते? त्याला आठवूनच दुकानाची पायरी चढा.